मांडी दुखतेय खरी, पण गोळीमुळेच का?

गोळी सुरू केली, तिसऱ्या आठवड्यात मांड्या दुखायला लागल्या. गोळी बंद केली, आठवड्याभरात दुखणं गेलं. आता आणखी कसला पुरावा हवा?

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेऊन मध्येच सोडून दिलेल्या माणसांकडून हा हिशेब हटकून ऐकायला मिळतो. वरवर तो चोख आहे, पण त्यात एक मेख आहे. ती कळायला आधी ही गोळी शरीरात नेमकं काय करते ते पाहावं लागेल.

कोलेस्टेरॉल हा मुळात शत्रू नव्हे. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असतं, कित्येक हार्मोन्स त्यापासूनच बनतात. त्यातला मोठा वाटा आपल्या ताटातून येत नाही, शरीर स्वतःच तयार करतं आणि यकृत हा त्याचा महत्त्वाचा कारखाना. या कारखान्यात एकामागून एक अशा बऱ्याच पायऱ्या असतात. त्यातल्या एका सुरुवातीच्या पायरीवर एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम काम करतं. स्टॅटिन त्या एन्झाइमची वाट अडवतं. यकृताला कोलेस्टेरॉलचा तुटवडा जाणवतो, आणि मग ते एक शहाणपणाचं काम करतं: रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आत ओढून घेणाऱ्या दारांची संख्या वाढवतं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल कमी होतं ते मुख्यतः या दारांमुळे. दारांचा हा शोध मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांचा. त्यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं.

गोळीचा शोध मात्र बुरशीतून लागला. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने सुमारे ६,००० सूक्ष्मजीव एकेक करून तपासले. क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरून वेगळी केलेली निळसर-हिरवी बुरशी त्याला हवं ते रसायन देऊन गेली. ही १९७३ ची गोष्ट. ते पहिलं रसायन बाजारात कधी आलंच नाही. त्याच्याच जातकुळीतलं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पुढे १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या स्कँडिनेव्हियन चाचणीत दिसलं की सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं. तेव्हापासून ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कायमची बसली. आज ढोबळ हिशेब असा मांडतात: एलडीएल दर डेसिलिटर रक्तामागे साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरलं, तर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त घटतो.

आता स्नायूंकडे वळू. जी साखळी अडवली जाते ती केवळ कोलेस्टेरॉल बनवत नाही. तिच्याच फांद्यांवर पेशीला लागणारे इतर पदार्थही तयार होतात, त्यात ऊर्जानिर्मितीला लागणारं कोएन्झाइम क्यू१० आहे. त्यामुळे स्टॅटिन स्नायूला त्रास देऊ शकतं ही काही कुणाच्या मनातली भीती नाही, त्याला जीवशास्त्रातला आधार आहे. पेशीतली ऊर्जाकेंद्रं, पेशीतलं कॅल्शियम, आवरणाची घडण अशी वेगवेगळी कारणं पुढे केली जातात. सगळ्यांना मान्य असं एकच कारण मात्र अजून ठरलेलं नाही.

स्नायूंना त्रास होऊ शकतो, हे मान्य. पण किती जणांना?

याचं सगळ्यात भरभक्कम उत्तर २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. १९ चाचण्यांमधल्या १,२३,९४० माणसांची माहिती एकत्र केली गेली. यातल्या निम्म्या लोकांना स्टॅटिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. चारेक वर्षांत स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायू दुखतात किंवा अशक्त वाटतात असं सांगितलं. प्लासिबोवाल्यांत हाच आकडा होता २६.६ टक्के.

हे दोन आकडे शेजारी ठेवून जरा थांबावं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या प्रत्येक चौथ्या माणसाचं अंग दुखत होतं! साठीच्या आसपासच्या कुठल्याही शंभर माणसांना विचारलं तर अंगदुखीच्या तक्रारी निघणारच. बागकाम, जिना, चुकीची गादी, जुनी कंबर. गोळी सुरू नसती तर त्या दुखण्याचा कुणी विचारही केला नसता. गोळी सुरू झाली की तेच दुखणं तिच्या नावावर खपतं.

त्याच अभ्यासात आणखी एक बारीक गोष्ट होती. स्टॅटिनमुळे झालेला जादा त्रास जवळजवळ सगळा पहिल्या वर्षात होता, आणि तो हजार माणसांत सुमारे ११ जणांइतका. त्यानंतरच्या वर्षांत दोन गटांत लक्षणीय फरक उरला नाही. स्टॅटिन घेताना ज्यांनी स्नायूंची तक्रार केली, त्यांच्यातल्या १५ पैकी साधारण एकाचंच दुखणं खरोखर गोळीचं होतं. चार वर्षं बिनतक्रार घेतलेली गोळी पाचव्या वर्षी अचानक मांडी दुखवू लागली, तर आधी दुसरीकडे बघावं. डोस वाढला असेल किंवा सोबत नवं औषध सुरू झालं असेल, तर गोष्ट वेगळी.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मला बिनबुडाचा वाटत नाही. मोठ्या चाचण्यांत माणसं निवडून घेतलेली असतात. काही चाचण्यांत तर आधी काही आठवडे औषध देऊन ज्यांना सोसत नाही त्यांना गाळलंही होतं. मग ज्यांना खरंच त्रास होतो तीच माणसं बाहेर राहिली असतील, तर आकडे छान दिसणारच.

म्हणूनच मला पुढची चाचणी जास्त महत्त्वाची वाटते. तिने नेमकी हीच माणसं घेतली: स्टॅटिन घेतलं, दोन आठवड्यांच्या आत त्रास झाला, सोडून दिलं, अशी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातली ही सॅमसन नावाची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. माणसं फक्त ६०. प्रत्येकाला बारा बाटल्या मिळाल्या, एका महिन्याला एक. चार बाटल्यांत ॲटोर्वास्टॅटिन २० मिलिग्रॅम, चारांत हुबेहूब दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या, आणि चार बाटल्या चक्क रिकाम्या. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखा, कुणालाच न कळणारा. रिकामी बाटली अर्थातच रिकामी दिसायची, पण गोळ्या असलेल्या महिन्यात त्या कुठल्या हे ओळखायला काही मार्ग नव्हता. आणि रोज मोबाइलवर एक आकडा भरायचा: आज त्रास किती, शून्य ते शंभर.

वर्षाच्या शेवटी सरासरी काढली. रिकाम्या महिन्यांत त्रासाचा आकडा ८. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. म्हणजे गोळी घेतली की त्रास दुप्पट व्हायचा, ही माणसं खोटं बोलत नव्हती. पण बिनऔषधी गोळीच्या महिन्यांत आकडा होता १५.४. त्रासाचा नव्वद टक्के भाग औषध नसलेल्या गोळीनेही तसाच निर्माण केला होता. त्रास असह्य होऊन महिना अर्धवट सोडण्याचे प्रसंग ७१ वेळा आले, त्यातले ३१ बिनऔषधी गोळीवर.

आणि सुरुवातीचा तो हिशेब, ‘बंद केली आणि बरं वाटलं’, तोही इथे तपासला गेला. बिनऔषधी गोळी बंद केल्यावरही तितकंच आणि तितक्याच लवकर बरं वाटलं. मेख होती ती ही. गोळी थांबवून आराम पडला, एवढ्यावरून ती गोळी होती की गोळी घेण्याची धास्ती होती, हे कळतच नाही.

या परिणामाला नोसिबो म्हणतात. प्लासिबोचा उलटा भाऊ. अपाय होईल या अपेक्षेनेच होणारा अपाय. हा शब्द ऐकला की लोक दुखावतात, कारण कानावर ‘मनाचे खेळ’ असंच पडतं. तसं नाही. दुखणं शंभर टक्के खरं असतं, मांडी खरीच ठणकते. प्रश्न फक्त ते सुरू कुणी केलं एवढाच आहे. वाईट बातमी ऐकून पोटात गोळा येतो तेव्हा तो गोळा काल्पनिक असतो का? ज्या डॉक्टरांनी ‘काही नाही, तुमच्या मनाचं आहे’ म्हणून रुग्णाला परत पाठवलं, त्यांनी या संशोधनाचा अर्धाच भाग वाचला. उरलेला भाग असा: सॅमसनमधल्या माणसांना त्यांचे स्वतःचे आलेख दाखवले गेले, आणि सहा महिन्यांनंतर ६० पैकी ३० जण पुन्हा स्टॅटिन घेत होते. ज्यांनी कधीकाळी ‘मला हे चालतच नाही’ म्हटलं होतं, तेच हे लोक.

पण सगळंच नोसिबोवर ढकलून मोकळं होणं हाही आळसच. खरा स्नायूत्रास असतो आणि तो ओळखायच्या काही खुणा आहेत.

तो सहसा दोन्ही बाजूंना सारखा असतो. मोठ्या स्नायूंत असतो: मांड्या, नितंब, पोटऱ्या, खांदे, दंड. गोळी सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत उगवतो. थांबवल्यावर दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. फक्त उजवा गुडघा दुखतो, एकाच पायात मुंग्या येतात, रात्री कधीतरी पोटरीत गोळा येतो, बोटांचे सांधे आखडतात, ही लक्षणं त्या साच्यात बसत नाहीत. दुखण्यापेक्षाही अशक्तपणाकडे जास्त लक्ष द्यावं. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का? केस विंचरताना हात वर धरवतो का? जिन्याच्या चौथ्या पायरीवर मांड्या जवाब देतात का? हे नव्याने आणि वाढत्या प्रमाणात होत असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगायचं.

डॉक्टर मग सीपीके नावाची रक्ततपासणी करायला सांगतात. स्नायूच्या पेशी फुटल्या की हे एन्झाइम रक्तात सांडतं. पण हा आकडा फार हळवा आहे. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम केला, पडलात, दंडात इंजेक्शन घेतलं, तरी तो वर जातो. म्हणून काही त्रास नसताना उगाच सीपीके करत बसू नये, आणि करायची असेल तर आधी दोन-तीन दिवस व्यायामाला सुट्टी द्यावी. आकडा नेहमीच्या कमाल मर्यादेच्या दहापटीच्या वर गेला आणि सोबत लक्षणंही असली तर ते गंभीर. असा प्रकार वर्षाला दहा हजारांत एखाद्याला होतो.

त्याच्याही पुढचं टोक म्हणजे रॅब्डोमायोलिसिस. स्नायू मोठ्या प्रमाणावर मोडतात, त्यातला मायोग्लोबिन हा पदार्थ मूत्रपिंडात अडकतो, लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद होते. वर्षाला लाखात दोन-तीन जणांना होणारी गोष्ट आहे, पण झाली तर किडनी जाऊ शकते, जीवही. गडद लघवी आणि अंगभर दुखणं एकत्र आलं तर गोळी थांबवून थेट हॉस्पिटल गाठावं, अपॉइंटमेंटची वाट पाहत बसू नये. सेरिव्हास्टॅटिन नावाचं एक स्टॅटिन याच कारणाने ऑगस्ट २००१ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं. ते जेम्फिब्रोझिल या ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) कमी करणाऱ्या औषधासोबत घेणाऱ्यांना विशेष धोका होता.

त्यावरून येतो तो मुद्दा मला या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित वाटतो: सोबतची औषधं. सिमव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि काही अंशी ॲटोर्वास्टॅटिन यांचा निचरा यकृतातल्या सीवायपी ३ए४ या एन्झाइमकडून होतो. त्याच एन्झाइमला दुसऱ्या औषधाने जखडलं तर स्टॅटिन रक्तात साचत जातं. डोस चिठ्ठीवर तोच, पण शरीरात कित्येक पट. छातीच्या संसर्गासाठी दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन हे नेहमीचं उदाहरण. बुरशीवरचं इट्राकोनॅझोल, रक्तदाबावरचं डिल्टियाझेम किंवा व्हेरापॅमिल, प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन, आणि ग्रेपफ्रूटचा रससुद्धा. हृदयाचा डॉक्टर वेगळा, छातीचा वेगळा, त्वचेचा वेगळा, आणि एकाच्या चिठ्ठीचा दुसऱ्याला पत्ता नाही, अशा वेळी घोटाळा होतो. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकपुरती स्टॅटिन थांबवायला सांगणं हा कित्येकदा सोपा उपाय असतो, फक्त ते कुणीतरी सांगावं लागतं. रोसुव्हास्टॅटिन आणि प्रॅव्हास्टॅटिन या एन्झाइमवर फारशी अवलंबून नाहीत, म्हणून गोळी बदलून प्रश्न सुटू शकतो.

डोसही कारणीभूत असतो. सिमव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम आणि २० मिलिग्रॅम यांची तुलना १२,०६४ माणसांत झाली, तेव्हा जास्त डोसच्या गटात ५२ जणांना स्नायूविकार झाला, कमी डोसच्या गटात एकाला. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने नव्या रुग्णांना ८० मिलिग्रॅम सुरू करू नका असं बजावलं. याच चाचणीतून असंही कळलं की एसएलसीओ१बी१ या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना धोका बराच जास्त. हे जनुक स्टॅटिनला रक्तातून यकृतात नेणाऱ्या वाहकाचं. वाहक मंद असला की औषध बाहेर रक्तात रेंगाळतं. वाढलेलं वय, बारीक चण, स्त्री असणं, किडनी-यकृताचे आजार, भरपूर दारू, यांनीही धोका वाढतो.

आणि थायरॉइड! ही गंमत नीट समजून घेण्यासारखी आहे. थायरॉइड मंद असलं की कोलेस्टेरॉल वाढतं. स्नायूही दुखतात, सीपीकेही चढतं. आता टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, न तपासता केवळ कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून स्टॅटिन दिलं, तर मुळातच दुखणाऱ्या स्नायूंवर आणखी ताण पडतो, कारण अशा माणसाला स्टॅटिनचा त्रासही लवकर होतो. सगळा ठपका गोळीवर. थायरॉइडची गोळी सुरू केली असती तर कदाचित कोलेस्टेरॉलही उतरलं असतं, अंगदुखीही थांबली असती. स्टॅटिनने अंग दुखतं म्हणणाऱ्याची टीएसएच तपासणी ही पहिल्या दिवशी व्हायला हवी, शेवटच्या नव्हे. ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर तीही भरून काढावी. पण स्टॅटिनचा त्रास टाळायला म्हणून सरसकट ड जीवनसत्त्व घेण्यात अर्थ नाही. स्टॅटिन नव्याने सुरू केलेल्या २,०८३ माणसांच्या अभ्यासात ड घेणारे आणि न घेणारे, दोन्ही गटांत ३१ टक्के लोकांनी स्नायूंची तक्रार केली. कोएन्झाइम क्यू१० च्या गोळ्यांचीही गत तशीच, चाचण्यांचे निकाल कधी असे, कधी तसे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जाणारा लाल यीस्टचा तांदूळ तर विनोदच आहे. त्यातलं काम करणारं द्रव्य मोनाकोलिन के, म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. स्टॅटिन सोडून स्टॅटिनच घ्यायचं, तेही किती ते माहीत नसताना.

एक दुर्मीळ प्रकार वेगळा सांगायला हवा, कारण त्याचं वागणं इतरांच्या उलट असतं. लाखात दोन-तीन जणांत शरीर एचएमजी-कोए रिडक्टेजच्याच विरोधात प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार करतं आणि स्वतःच्या स्नायूंवर चालून जातं. इथे गोळी बंद केली तरी अशक्तपणा वाढतच राहतो. गोळी सोडून दोन महिने झाले, दुखणं कमी पण खुर्चीतून उठणं अधिकच अवघड, असं असेल तर या प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी. उपचार प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचे असतात, आणि अशा माणसाने पुन्हा स्टॅटिनच्या वाटेला जायचं नसतं.

बाकीच्यांसाठी वाट बरीच सरळ आहे. गोळी परस्पर सोडू नये, विशेषतः झटका येऊन गेलेल्यांनी किंवा स्टेंट असलेल्यांनी. डॉक्टरांशी बोलून दोन ते चार आठवडे थांबावं, दुखणं पूर्ण जाऊ द्यावं, मग कमी डोसने किंवा दुसऱ्या स्टॅटिनने पुन्हा सुरू करावं. तेच दुखणं तसंच परत आलं, आणि दुसऱ्या गोळीवरही आलं, तर गोळीवरचा संशय पक्का होतो. गेलं ते आलंच नाही, तर गोळी निर्दोष सुटली. डोस कमी झाला म्हणून फार बिघडत नाही: स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल साधारण सहा टक्केच आणखी उतरतं. बहुतेक काम पहिल्या छोट्या डोसनेच झालेलं असतं. रोसुव्हास्टॅटिनसारखी शरीरात जास्त वेळ टिकणारी गोळी दिवसाआड घेऊनही काहींचं भागतं. जाताना एका कागदावर दुखणं सुरू झाल्याची तारीख, गोळी सुरू झाल्याची तारीख आणि इतर सगळ्या औषधांची नावं लिहून न्यावीत. डॉक्टरांचं निम्मं काम तिथेच होतं.

इतकं करूनही ज्यांना स्टॅटिन सोसत नाही अशी थोडी माणसं उरतातच, आणि त्यांचे हात आता रिकामे नाहीत. आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषणं अडवणारं एझेटिमाइब एलडीएल पाचव्या हिश्शाच्या आसपास कमी करतं. यकृताची ती एलडीएल ओढणारी दारं मोडणाऱ्या पीसीएसके९ या प्रथिनाला अडवणारी इव्होलोक्युमॅब, ॲलिरोक्युमॅब ही इंजेक्शनं सुमारे ६० टक्क्यांपर्यंत उतरवतात. इन्क्लिसिरान तर सुरुवातीच्या डोसांनंतर वर्षातून दोनदाच टोचायचं. आणि बेम्पेडोइक ॲसिड नावाची गोळी खास याच लोकांसाठी बनल्यासारखी आहे. ती त्याच साखळीवर स्टॅटिनच्या काही पावलं आधी काम करते, पण तिला जागं करणारं एन्झाइम यकृतात असतं, स्नायूत नसतं. म्हणजे स्नायूपर्यंत पोचली तरी तिथे ती झोपलेलीच. स्टॅटिन न सोसणाऱ्या किंवा न घेणाऱ्या १३,९७० माणसांवरच्या २०२३ च्या चाचणीत तिने हृदयाच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी केल्या. फक्त ती रक्तातलं युरिक ॲसिड वाढवते, आणि त्या चाचणीत गाऊटचा, म्हणजे बहुधा पायाच्या अंगठ्यात होणाऱ्या सांधेसुजीचा, त्रास प्लासिबोवाल्या २.१ टक्क्यांच्या तुलनेत ३.१ टक्के लोकांना झाला. मांडी वाचली, तर एखाद्याच्या पायाचा अंगठा ठणकणार.